क्लच नसलेली गाडी

रिटायर होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर मला कळून चुकलं, की घरी बसणं हे आपलं काम नव्हे. चौतीस वर्षं एसटी चालवली. खुर्चीत बसलो तरी डावा पाय आपोआप पुढं जायचा, जमीन दाबायचा, माघारी यायचा. मग उठायचो आणि तेलगावच्या चौकात जाऊन उभा राहायचो. परळीची गाडी किती वाजता आली, बीडची किती लेट, वळण कुणी कसं घेतलं, सगळं बघायचो आणि खिडकीतून ड्रायव्हरला दोन शब्द ऐकवायचो. बिचारे हसून सोडून द्यायचे. एकानं मात्र तोंडावर सांगितलं, काका, लई केलं आता, घरी जाऊन पडा. दोन दिवस चौकात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी परत गेलो.

बायको म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. फिरण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार ही होती की मी चौकापर्यंतच फिरत होतो. कारण मी तिला एक शब्द दिला होता.

तिचं माहेर युसूफ वडगाव. तिथं तिची आई, नव्वदीला टेकलेली, तिच्या भावाकडं राहते. तेलगावहून तिथं जायचं म्हणजे आधी धारूरची गाडी, मग केजची, मग केजला वडगावची वाट बघत उभं राहायचं. बायको सकाळी निघायची ती पोचायची बारा वाजता, आणि तीनला माघारी निघावं लागायचं. बायकांना अर्धं तिकीट झालं तसं ती म्हणायची, तिकीट अर्धं केलं तसा रस्ता पण अर्धा करायचा होता. त्या तीन तासांत ती आईची वेणी घालायची, नखं काढायची, तळपायाला तेल चोळायची. तेवढ्यात वेळ सरायचा. आणि मी कुठं? मी कधी परळीला, कधी बीडला, कधी मुक्कामाला, दुनियेला माहेरी पोचवत. तेव्हा म्हणलो होतो, मी रिटायर झालो की गाडी घेऊ. सकाळी नेऊन सोडीन, दिवसभर बस मायजवळ, संध्याकाळी घेऊन येईन, दर आठवड्याला. तिनं ते मनात धरून ठेवलं. बाकी तिनं माझ्याकडं आयुष्यात फार काही मागितलं नाही, हे मी खोटं सांगत नाही.

म्हातारीला तोपर्यंत विसर पडायला लागला होता. नातवंडं ओळखू यायची नाहीत. सुनेला ती शेजारीण समजायची. पण लेक पायरी चढली की तिला नावानं हाक मारायची. त्यामुळं बायकोला घाई होती. ती तसं बोलून दाखवायची नाही, पण दर चार दिवसांनी विचारायची, गाडीचं कुठवर आलं?

गाडीचं येत होतं. गाडी घ्यायची म्हणल्यावर ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही तोही सल्ला द्यायला दारात आला. चुलतभाऊ म्हणला, उंच पांढरी घे, काळ्या काचांची. आपल्या जिल्ह्यात माणूस गाडीवरून ओळखला जातो. मी म्हणलो, मला काय झेडपीला उभं राहायचंय का बे? माझ्या बहिणीचा नवरा, मेव्हणा, म्हणला, सात सीटची घे, लग्नाकार्याला सगळे मावतील. सगळे म्हणजे त्याच्या घरचे. पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं फोनवर सांगितलं, पप्पा, ऑटोमॅटिक घ्या, क्लच नसतो, गिअर टाकावा लागत नाही, उतारवयात बरं पडतं. त्या दिवशी मी त्याच्याशी दोन मिनिटांत बोलणं संपवलं. चौतीस वर्षं ज्या माणसानं धारूरच्या घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर वर नेली, त्यानं आता बिनगिअरच्या पाळण्यात बसायचं? हे मी त्याला बोललो नाही, बायकोला बोललो. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

मी बीडला शोरूमला जायला लागलो. एकदा नाही, सतरांदा. आणि मी गाडी बघायचो ती आमच्या पद्धतीनं. डेपोत गाडी ताब्यात घेताना ड्रायव्हरनं गाडीभोवती एक फेरी मारायची असते. टायरला लाथ घालून बघायची, खाली वाकून तेल गळतंय का बघायचं, ब्रेक दाबून, स्टेअरिंग हलवून बघायचं. खोट सापडली तर वहीत लिहायची आणि गाडी नाकारायची. तो ड्रायव्हरचा हक्क. मग दुसरी गाडी मिळते, आणि जो उशीर होतो तो आपल्या नावावर पडत नाही. पॅसेंजर बोंबलले तर आपण कंट्रोलरच्या खिडकीकडं बोट दाखवायचं. हे इतकं अंगात मुरलेलं, की शोरूममधल्या चकचकीत फरशीवर उभ्या नव्या कोऱ्या गाडीच्या टायरलाही मी लाथ घातली. तिथला चष्मेवाला माणूस बघतच राहिला.

मी गाड्या नाकारत गेलो. एकीचं स्टेअरिंग इतकं हलकं, की शिंक आली तर गाडी रानात जाईल. एकीचा हॉर्न करडू ओरडल्यासारखा. एकीत बसलो तर रस्ता दिसण्याऐवजी पुढच्या ट्रॅक्टरचं बूड दिसायचं. आम्ही माणसाच्या डोक्यावरून रस्ता बघणारी जात. एकीचा क्लच लई मऊ, एकीचा लई कडक. घरी येऊन हे सगळं मी बायकोला सांगायचो, अगदी वहीत नोंद करावी तसं. एक दिवस ती म्हणली, नाचता येईना अंगण वाकडं. मला लई राग आला. त्या रात्री जेवलो नाही.

राग आला कारण तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. माझा डावा गुडघा गेला होता. रिटायर व्हायच्या वर्षभर आधीपासून दुखत होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरानं फोटो काढून सांगितलं, मधली गादी झिजली, हाडाला हाड घासतंय, क्लचचं काम आता बंद. मी तो फोटो कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला आणि कुणाला बोललो नाही. पण रोज संध्याकाळी तेल चोळणारीला काय सांगावं लागतं? तिला सगळं माहीत होतं. तिला हेही माहीत होतं, की मी गाडी शोधत नव्हतो, आपला पाय अजून चालतो असं सांगणारी गाडी शोधत होतो. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

असं करता करता जूनचा दसरा झाला, दसऱ्याची दिवाळी झाली. मुहूर्त आले आणि गेले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना कुलपं लागली. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सुरू झाले. बायको एसटीनं वडगावला जाऊन येत होती. दिवाळीनंतर आली तेव्हा म्हणली, मायनं आज मला दोनदा विचारलं, कधी आलीस. संक्रांतीनंतर आली तेव्हा म्हणली, आज हाक मारायला तिला जरा वेळ लागला. मी हूं म्हणलो. खरं सांगतो, मी त्या वेळी पेपरात जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत होतो.

शेवटी एक गाडी माझ्या मनात भरली. गावातल्याच एका ठेकेदाराची, सात वर्षं वापरलेली, डिझेलची, पाच गिअरची, दणकट. त्यानं चावी हातात दिली, म्हणला, दिवसभर घेऊन जा, फिरवून बघा. मी घरी येऊन बायकोला म्हणलो, चल, वडगावला जाऊन येऊ. तिनं पाच मिनिटांत लुगडं बदललं, शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढची सीट रिकामी. आमच्याकडं बायका मागंच बसतात. जीपमध्ये, टमटममध्ये, सोयऱ्याच्या गाडीत, कुठंही; पुढं एक तरी पुरुष, मग तो दहा वर्षांचा का असेना. त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

धारूरचा घाट लागेपर्यंत मी राजा होतो. काच खाली, हात खिडकीवर. घाटात पुढं उसाची ट्रॉली लागली. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं चढत होता, मधेच थांबत होता. ओव्हरटेकला जागा नाही. मग आमचंही तेच, थांब, चल, थांब, चल. अर्धा क्लच धरून ठेवायचा. पहिली दहा मिनिटं गुडघ्यानं सहन केलं. मग एका चढावर ट्रॅक्टर थांबला, मी क्लच दाबला आणि गुडघा जागच्या जागी अडकला. पाय वरही येईना, खालीही जाईना. डोळ्यांपुढं काजवे चमकले. गाडी हातभर माघारी सरकली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला. मी हँडब्रेक ओढला तेवढं बरं केलं.

जीपमधून एक पस्तिशीचा माणूस उतरून आला. शिव्या देईल असं वाटलं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि हळू आवाजात म्हणला, काका, सरका तिकडं, मी वर काढून देतो. दोन्ही हातांनी मांडी उचलून मी डावीकडच्या सीटवर सरकलो. ज्या घाटाचं एकेक वळण मला तोंडपाठ, तो घाट मी दुसऱ्याच्या शेजारी बसून चढलो. त्या माणसानं वर सपाटीला गाडी लावली, माझ्याकडून आभाराचा एक शब्द निघाला नाही तरी हात जोडून गेला. मी समोरच्या काचेतून बघत बसलो. रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

मागून बायको बोलली. तिचा आवाज चढला नाही.

"तुमाला कोणती गाडी चालवायचीय त्ये मला काय बी घेणं न्हाई. मला मायकडं जायचंय. तिला मी वळखू येते तवर."

त्या दिवशी आम्ही वडगावला पोचलो नाही. धारूरच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला बोलावून गाडी माघारी आणली. लाडवांचा डबा तसाच घरी आला. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि मी तो चार दिवस बघत होतो.

पाचव्या दिवशी पोराला फोन केला आणि म्हणलो, तू म्हणतोस ती गाडी सांग कोणती. त्यानं हसायला हवं होतं, हसला नाही. आता गाडीच येतेय म्हणून बायको एसटीनं वडगावला जायची थांबली. तीन आठवड्यांनी गाडी दारात आली. लहान, राखाडी, बिनक्लचची. भावकी जमली. बायकोनं ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. चुलतभाऊ पुढं बसला, मागं मेव्हणा आणि आणखी दोघं कोंबून बसले. मी गाडी चालू केली, लिंबं चिरडली, चार पावलं गेलो आणि सवयीनं गिअर बदलायला डावा पाय धाडकन दाबला. तिथं क्लच कुठला? तिथं ब्रेक. रुंद, मोठा ब्रेक. गाडी जागच्या जागी रुतली. चुलतभावाचं कपाळ काचेला लागलं, मागचे तिघे एकमेकांच्या अंगावर. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कपाळ चोळत भाऊ म्हणला, आरं, चौतीस वर्षं तू पॅसेंजर जिते कसे पोचवलेस बे?

हसण्यावारी गेलं, पण मला दरदरून घाम फुटला होता. कारण पाय ऐकतच नव्हता. पुढचे आठ दिवस मी कारखान्याच्या रस्त्यावर सकाळी सकाळी सराव केला. वळण आलं की डावा पाय दाबणार. स्पीडब्रेकर आला की दाबणार. पाय मागं ओढून सीटखाली दुमडला तर गुडघा ओरडायचा. दोरीनं बांधावा असंही मनात आलं. मागून ट्रॅक्टर येत असताना असा ब्रेक लागला तर काय होईल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. नवव्या दिवशी मी बायकोला म्हणलो, मला नाही जमायचं, ड्रायव्हर ठेवू. ड्रायव्हरानं ड्रायव्हर ठेवायचा.

ती दुसऱ्या दिवशी उजाडताच तयार होऊन आली, मागचं दार उघडलं, पिशवी आत ठेवली, दार लावलं आणि पुढं येऊन माझ्या शेजारी बसली. बसली ती बसली, वर उजवा हात माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. घट्ट. म्हणली, चला. मी इकडंतिकडं बघितलं. समोरच्या दुकानापुढं चार माणसं चहा पीत उभी. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही बाजारात शेजारी शेजारीसुद्धा चाललो नव्हतो. मी पुढं, ती दहा पावलं मागं. मी म्हणलो, अगं, लोकं बघतील. ती म्हणली, लोकं काय मला मायकडं नेऊन घालतात का?

गाडी निघाली. चौकातल्या वळणाला पाय उचलला, तिनं दाबून धरला. स्पीडब्रेकरला उचलला, तिनं दाबून धरला. फक्त हाताचा भार. घाटात पुन्हा उसाच्या ट्रॉल्या होत्या, पण आता थांबायचं आणि चालायचं काम उजव्या पायाचं होतं, आणि डावा पाय तिच्या ताब्यात होता. घाट चढून वर आलो तसा मला आनंद झाला, साधासुधा नाही, उड्या माराव्यात असा. धारूर ओलांडलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ पाय उचललाच नव्हता. तिलाही ते कळलं असणार. पण तिनं हात काढला नाही आणि मीही काढ म्हणलो नाही. केज मागं पडलं. साडेनऊला आम्ही वडगावात होतो. एसटीनं बारा वाजायचे.

सासूबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. बायको जवळजवळ पळतच गेली. पायरीवर उभी राहिली आणि हाकेची वाट बघायला लागली. म्हातारीनं मान वर केली, तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

बायकोच्या भावानं नाव घेऊन सांगितलं, दोनदा सांगितलं. म्हातारीनं मान डोलवली, पण डोळ्यांत काही आलं नाही. भाऊ मला हळूच म्हणला, वीस-बावीस दिवस झाले असंच हाय, तुमाला फोनवर काय सांगावं. मला हिशेब करायची गरज नव्हती. घाटातून माघारी फिरलो तो दिवस त्याच्या आधीचा होता.

बायको रडली नाही. बाजेवर बसली, आईचे केस सोडले, तेल लावलं, बारीक वेणी घातली. नखं काढली. लाडू मऊ करून भरवला. दिवसभर बसली, मी शब्द दिला होता तशी. मी अंगणात लिंबाखाली बसून होतो आणि मला एका जागी बसवत नव्हतं. उठून गाडीभोवती फेऱ्या मारत होतो. बघण्यासारखी खोट एकही नव्हती. आठ महिने. स्टेअरिंग हलकं, हॉर्न बारीक, क्लच मऊ. कुणाकडं बोट दाखवायचं आता? हा उशीर माझ्याच नावावर होता.

पाच वाजता निघालो. बायको पुढच्या सीटवर येऊन बसली. आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. छत्तीस वर्षांत सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. दाराआडून, पदर पुढं ओढून सांगायच्या, त्यांना म्हणावं जेवून घ्या. त्या दिवशी त्या काठी टेकत, उघड्या डोक्यानं, माझ्या खिडकीपर्यंत आल्या. खिडकीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघून बोलल्या.

"डायवर, बाबा, हिला दिवस बुडायच्या आत घरी नेऊन घाल. लई गुणाची लेक हाय. हिची माय वाट बघत आसल."

"व्हय, माय," मी म्हणलो.

गाडी गावाबाहेर काढली. बायको शेजारी काचेबाहेर तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते आणि मी नजर रस्त्यावर ठेवली. केज आलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्या परत यायचं," ती म्हणली.

"सहाला निघू," मी म्हणलो.